शंभरपैकी एक्क्याण्णव

कार्ड लावलं तर दिवा लाल झाला. तिने कार्ड बाहीवर पुसलं, उलटं केलं, सुलटं केलं, पुन्हा लावलं. पुन्हा लाल. बारा वर्षांत त्या दाराने तिच्यापुढे असा आडमुठेपणा कधी केला नव्हता. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. खाली रुग्णवाहिकांच्या आवारात कोणीतरी पाइपने फरशी धूत होतं आणि ओल्या सिमेंटचा वास जिन्यातून वर येत होता. कार्डावरची पट्टी झिजली असणार, दुसरं काय, असं पुटपुटत ती पहारेकऱ्याच्या टेबलाशी गेली. रोज तिला पाहून खुर्चीतून अर्धवट उठणारा तो माणूस आज उठला नाही. समोरच्या कागदावर नजर ठेवूनच तो म्हणाला, "ताई, तुम्ही इथंच बसा जरा. साहेब येताहेत."

"साहेब नऊला येतात. मला वर काम आहे. कार्ड बिघडलंय, तुझ्या किल्लीने उघड."

"नाही सोडता येणार. तसं आलंय."

"कोणाकडून आलंय?"

त्याने वरच्या मजल्याकडे बोट केलं. मग ते बोट कुठे ठेवावं हे न कळून कान खाजवला. "यंत्राकडून," तो म्हणाला. म्हणताना तोच इतका ओशाळला की तिला त्याच्यावर चिडताही येईना.

ती बाकावर बसली. समोरून पाळी बदललेल्या परिचारिका जात होत्या. दोघी थांबून म्हणाल्या, "खातरजमाताई, खाली कशा?" ती हसली. सगळं रुग्णालय तिला खातरजमाताई म्हणायचं, कारण तिचं कामच ते होतं. एवढ्या मोठ्या रुग्णालयात दोन-अडीच हजार संगणक. कुठे काही वेगळं घडलं, कोणी भलत्या वेळी भलती फाइल उघडली, कोणाच्या खात्यातून बाहेर काही निघालं, की तिच्या पडद्यावर इशारा यायचा. तो हल्ला आहे की कोणा डॉक्टरचा धांदरटपणा, ते ठरवून तिने पुढे 'खरं' नाहीतर 'खोटं' असं दाबायचं. दाबण्याआधी ती फोन करायची. "नमस्कार, सुरक्षा विभागातून बोलतेय, आत्ता तुम्हीच बसलाय ना संगणकावर? खातरजमा करतेय." लोक वैतागायचे, नकला करायचे, पण एकदा क्ष-किरण विभागातून खरंच कोणी परकं माणूस रुग्णांच्या नोंदी ओढून नेत होतं, ते तिने फोनवरच्या दोन वाक्यांत पकडलं होतं. तेव्हापासून नक्कल करणाऱ्यांच्या आवाजात थोडी अदब आली होती. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीचं यंत्र आलं. ते शिकणारं यंत्र होतं. प्रत्येक कर्मचारी कधी येतो, काय उघडतो, किती वेगाने टंकतो, हे बघत बसायचं आणि रोज त्याला शंभरपैकी संशयाचे गुण द्यायचं. ऐंशीच्या वर गेला की खातं बंद, दार बंद. ते शिकलं कशावरून? तर तिच्याच शिक्क्यांवरून. साडेतीन लाख 'खरं' आणि 'खोटं'. ते कंपनीला देताना तिला, खोटं कशाला बोला, अभिमान वाटला होता. आपलं शहाणपण असं वाया जात नाही, कोणाच्या तरी डोक्यात उतरतंय, असं तिने घरी जेवताना सांगितलंही होतं.

पावणेदहाला तिला वर बोलावलं. तिच्या स्वतःच्या विभागात ती पहारेकऱ्याच्या मागून, पाहुण्यासारखी गेली. आत विभागप्रमुख बसले होते. त्यांना पाठीमागे सगळे 'बघूया' म्हणत, कारण रजा मागा, खुर्ची मागा, बढती मागा, उत्तर एकच. तिचे वडील गेले तेव्हा हाच माणूस घरी येऊन तासभर न बोलता बसला होता, आणि त्या न बोलण्याचा तिला केवढा आधार वाटला होता. आजही तो बोलत नव्हता. शेजारी कंपनीचा माणूस होता, पांढऱ्या बुटांचा, फार सभ्य. त्याने पडदा तिच्याकडे वळवला. तिचा फोटो, आणि फोटोखाली लाल आकडा. एक्क्याण्णव.

"यात वैयक्तिक काही नाही," कंपनीचा माणूस म्हणाला.

"फोटो माझा आहे," ती म्हणाली.

तो कारणं वाचू लागला. गेले सहा आठवडे त्या साडेनऊऐवजी सातला येतात. टंकनाचा वेग एक तृतीयांशाने घटला. अकरा दिवसांत अकराशे चाळीस जुनी प्रकरणं उघडली, जी वर्षानुवर्षं कोणी उघडली नव्हती. एकेक कारण सुटं घेतलं तर काही नाही, पण तिन्ही एकत्र आली की यंत्राला वाटतं, हे खातं दुसरंच कोणी वापरतंय, किंवा तीच व्यक्ती आता वेगळ्या हेतूने वापरतेय. ती सांगू लागली. सातला येते, कारण आईला अर्धांगवायूचा झटका आला, आईजवळ बसणारी बाई तीनला जाते आणि तीननंतर आईला पाणी पाजायला कोणी नाही. वेग घटला, कारण आईला उचलताना मनगट मुरगळलं. हे बघा, पट्टी. टेबलावर हात ठेवताना तिला एकदम वाटलं, आपण हा हात दाखवतोय कशाला? शाळेत गृहपाठ न आणलेल्या मुलीसारखी आपली दुखणी पुढे करतोय कोणापुढे? आईचं वाकडं झालेलं तोंड, तिची ओली उशी, सकाळी साडेपाचला कुशीवर वळवताना तिने काढलेला तो लहान आवाज, हे सगळं या पांढऱ्या बुटांपुढे पुरावा म्हणून मांडायचं? तिने हात मागे घेतला.

"आणि जुनी प्रकरणं?" तो म्हणाला.

"ते यांना विचारा." ती प्रमुखांकडे वळली. "दहा वर्षांचा अहवाल करा, असं मला कोण म्हणालं?"

प्रमुख घसा खाकरले. "हो. म्हणजे, मीच म्हणालो होतो. पण..."

"पण काय?"

"पण आकडा एक्क्याण्णव आलाय."

माणूस स्वतः सांगतोय की काम मीच दिलं, आणि लगेच त्याच तोंडाने आकड्याला शरण जातोय. तिला त्याचे खांदे धरून गदागदा हलवावेसे वाटले. "साहेब, सहा आठवडे मी तुमच्या डोळ्यांदेखत सातला येतेय. माझ्या आईचं तुम्हाला माहीत आहे. आकडा आला तेव्हा एक फोन करता आला नाही?"

"फोनची पायरी आता काढून टाकलीय," कंपनीचा माणूस म्हणाला. "त्याने प्रतिसादाला उशीर होतो."

मग त्याने, बहुधा तिला बरं वाटावं म्हणून, यंत्र कसं ठरवतं ते दाखवलं. जुन्या कुठल्या प्रकरणाशी हे वागणं सर्वांत जवळचं आहे, तेही ते सांगतं. पडद्यावर एक क्रमांक आला, आठ वर्षांपूर्वीची तारीख आली. औषधभांडार. कर्मचारी पहाटे लवकर येतो, जुन्या याद्या मोठ्या संख्येने उघडतो, उतरवून घेतो. निर्णय: खरं. निर्णय देणारी व्यक्ती, आणि पुढे तिचं स्वतःचं नाव.

चौकशी संपेपर्यंत घरी राहा, असं सांगून तिला सोडलं. दिवसाढवळ्या अकरा वाजता ती रस्त्यावर होती. दुकानांची शटरं नुकती वर गेली होती, काचा पुसल्या जात होत्या, आणि या वेळी हा रस्ता असा दिसतो हे तिला बारा वर्षांत माहीतच नव्हतं. तिच्या आत संताप नुसता उकळत होता, पण त्याला आता एक भलताच वास येऊ लागला होता, दूध करपायला लागल्यावर येतो तसा. तो औषधभांडारातला कारकून. चेहरा आठवत नव्हता, कारण तिने तो कधी पाहिलाच नव्हता. पण ती दुपार आठवत होती. शुक्रवार, पावणेपाच. एक्केचाळीस इशारे शिल्लक, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी जळजळ, सोमवारी वरचे लोक तपासणीला येणार म्हणून रकाना कोरा व्हायलाच हवा होता. तिने औषधभांडाराला फोन लावला होता. एकदा. व्यस्त होता. तिने फोन ठेवला, पडद्याकडे पाहिलं आणि 'खरं' दाबलं. पुढच्या इशाऱ्याकडे गेली. त्या बोटाला काहीच वाटलं नव्हतं. नंतर कळलं, त्या माणसाला कामावरून काढलं. चारेक महिन्यांनी एक परिचारिका जिन्यात म्हणाली, अगं, तो बिचारा मुदत संपलेल्या औषधांची यादी करत होता. संगणकावरचा अहवाल चुकीचा येत होता म्हणून हाताने करत होता, वर दाखवायला. ते ऐकून तिने ते प्रकरण शोधून काढलं होतं. पण महिन्याचा अहवाल बंद झाला होता, बंद अहवाल उघडायला तीन सह्या लागत, आणि त्या सह्या मागायच्या तर का मागतेय हे सांगावं लागलं असतं. तिने सांगितलं नाही. आठ वर्षं कोणाला सांगितलं नाही. आणि त्या न सांगितलेल्यावर ते यंत्र शिकलं.

दुपारी जेवायला घरी आलेल्या नवऱ्याने ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. "जाऊ दे गं. दोन दिवसांत चूक कळेल त्यांना. सन्मानाने परत बोलावतील."

"जाऊ दे काय? बारा वर्षं काम केलं मी तिथे."

"तेच म्हणतोय. बारा वर्षांच्या माणसाला कोण काढतंय?"

"त्याला अकरा झाली होती," ती म्हणाली.

"कोणाला?"

मग तिने सांगितलं. पहिल्यांदाच. सांगताना ती स्वतःला वाचवायची वाक्यं शोधत होती आणि ती सापडतही होती. फोन केला होता, काम फार होतं, नियमच तसे होते. तसलीच वाक्यं तिने आज सकाळी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकली होती. आतल्या खोलीतून आईने हाक मारली, म्हणजे अर्ध्या तोंडातून जो आवाज निघाला त्याला हे दोघं हाक समजत. ती आत गेली, आईजवळच्या बाईला थांबवून स्वतः आईला पाणी पाजलं. आईने तिच्या मनगटाच्या पट्टीवर आपला चालता हात ठेवला आणि मोठ्या कष्टाने विचारलं, "आज... लवकर?" ती म्हणाली, "हो, आज लवकर." आणि भिंतीकडे तोंड करून पेला विसळायला निघून गेली.

कारकुनाचा पत्ता तिला जिन्यात बोललेल्या त्या परिचारिकेने दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन बस बदलून ती एका गोदामाशी पोचली. मोठं पत्र्याचं शेड, छतापर्यंत रचलेले टायर, आणि रबराचा इतका दाट वास की तो जिभेवर बसला. तो माणूस शिडीवर होता. पन्नाशीचा, बारीक, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. शिडीवरून उतरून त्याने तिला एक स्टूल दिलं, ते आधी फडक्याने झटकलं. एवढी साधी अदब तिला सहन झाली नाही. ती उभ्यानेच बोलली. मी अमुक, सुरक्षा विभागातली. आठ वर्षांपूर्वी तुमच्या नावापुढे जे लागलं ते मी लावलं. चौकशी न करता लावलं. नंतर खरं कळलं तरी बदललं नाही.

त्याने एका टायरच्या कडेवरून अंगठा फिरवला. "तुम्ही होता होय," तो म्हणाला. "मला वाटायचं कोणी वैरी असेल. माझ्या जागेवर डोळा असलेला. दोन-तीन जणांशी मी त्यापायी बोलणं टाकलं."

"माझं चुकलं. मी माफी मागायला..."

"थांबा." त्याचा आवाज चढला नाही, पण शिडीपलीकडचा हमाल वळून बघू लागला. "मला माहीत होतं मी काही केलं नाही. बायकोलाही माहीत होतं. पण माझा बाप. चाळीस वर्षं शाळेत शिपाई होता, एक खडू घरी आणला नाही कधी. त्याला कोणीतरी सांगितलं, तुमच्या मुलाला संगणकाने पकडलं. माणसाने पकडलं असतं तर तो भांडला असता हो. त्या माणसाच्या घरी गेला असता. पण संगणक कशाला खोटं बोलेल, म्हणाला. मला कधी एका शब्दाने बोलला नाही. फक्त मी घरात आलो की कपाटाच्या किल्ल्या उशाखाली सारायचा. दोन वर्षं. मग गेला." त्याने चष्मा लावला, काढला. "आता तुम्ही आलात. मी कोणाला जाऊन सांगू?"

ती स्टुलावर बसली. तोच पुढे म्हणाला, "माफी घेऊन मी काय करू? कागद द्या. ज्या कागदाने मला काढलं तसाच छापील, शिक्क्याचा. याने काही केलेलं नव्हतं, एवढंच लिहा. माझी मुलगी आता नोकरीला लागेल. तिच्या हातात ठेवीन." मग शिडीचा पाय नीट करत, जणू तिला निरोप देण्यासाठी, तो म्हणाला, "टायरवरसुद्धा तारीख असते, बाई. लोक बघत नाहीत."

शुक्रवारी तिला परत बोलावलं. प्रमुख आज मोकळे हसत होते; तिच्यासाठी चहा आधीच मागवलेला होता. चौकशीत काही निघालं नाही, गैरसमज झाला, कार्ड चालू केलंय. फक्त एक काम. यंत्राला कळायला हवं की ते चुकलं. "तुमचं प्रकरण तुम्हीच 'खोटं' करा की," ते म्हणाले. "तुमच्याच हाताने. म्हणजे ते शिकेल."

"आणि दुसरं?"

"दुसरं कुठलं?"

"ज्याच्यावरून मला पकडलं ते. औषधभांडाराचं. ते मी चुकीचं दाबलं होतं. तो निर्दोष असून त्याला काढलं. ते आधी बदलायचं, आणि त्याला रुग्णालयाचं पत्र द्यायचं."

हसू जागच्या जागी थिजलं. प्रमुखांनी उठून दार लोटलं. "हे बघा, आठ वर्षं झाली. ते उघडलं तर वरून विचारतील, कोणाचं चुकलं. तुमचंच नाव आहे तिथे. आत्ताच सुटलाय तुम्ही यातून. आणि साडेतीन लाखांत एका नोंदीने काय फरक पडतो?"

"मला त्या एकाच नोंदीने बाकावर बसवलं, साहेब. त्याला बापाच्या नजरेतून उतरवलं."

"बघूया आपण," ते म्हणाले, "नंतर. शांतपणे."

तिला वाटलं होतं आपण ओरडू. चार दिवस ती मनातल्या मनात ओरडतच होती. न्हाणीघरात, बसमध्ये, आईच्या उशाशी. पण आता आवाज अगदी सपाट निघाला. "साहेब, मी घाबरून आठ वर्षं गप्प बसले, आणि तुम्ही घाबरून त्या दिवशी गप्प बसलात. तुम्हाला माहीत होतं मी चोर नाही. तरी तुम्ही त्या पडद्याकडे बघत राहिलात. यंत्राचं मला काही म्हणायचं नाही, त्याला आपण दिलं ते त्याने घेतलं. पण तुम्हाला डोळे होते." प्रमुखांनी चहाचा कप बशीत सरळ केला. ती आपल्या जागेवर जाऊन बसली, दुखऱ्या हाताने ते जुनं प्रकरण उघडलं आणि 'खोटं' दाबलं. आता तीन सह्या लागत नव्हत्या; यंत्राने फक्त कारण विचारलं. दिलेल्या सहा कारणांत तिचं कारण नव्हतं. तिने 'इतर' निवडलं आणि खाली लिहिलं: मी फोन एकदाच केला. नंतर खरं कळलं तरी लपवलं. कर्मचारी निर्दोष आहे. तेच लिहिलेला अर्ज तिने सही करून संचालकांना, त्यांच्या वरच्यांना आणि कर्मचारी विभागाला पाठवला. स्वतःचं एक्क्याण्णवाचं प्रकरण मात्र तिने तसंच उघडं ठेवलं. ज्यांनी बंद केलं ते दार, त्यांनी आपल्या हाताने उघडावं.

आठवड्याभरात तिची बदली झाली. शिक्के मारायचं काम काढून घेतलं आणि तिला तळमजल्यावर प्रशिक्षणाच्या वह्या लिहायला बसवलं. परिचारिका आता जरा जपून हसायच्या. नवरा म्हणाला, "मिळालं काय यातून?" पण त्याच संध्याकाळी तिने चौथ्यांदा लिहिलेलं स्मरणपत्र त्यानेच नीट वाचून दिलं, दोन शब्द कडक केले, आणि म्हणाला, "हं. आता पाठव." नववं स्मरणपत्र गेल्यावर, पाचव्या महिन्यात, पत्र आलं. रुग्णालयाच्या छापील कागदावर, शिक्क्यासह. अडीच ओळी. सदर कर्मचाऱ्याविरुद्धची नोंद चुकीची होती असे आढळून आले आहे. 'कोणाला' आढळलं, ते नव्हतं. दिलगिरी नव्हती. पण कागद होता. ती दोन बस बदलून गोदामात गेली.

त्याने हात धुतले, पुसले, चष्मा लावला आणि पत्र उजेडाशी नेऊन वाचलं. अडीच ओळी वाचायला त्याला फार वेळ लागला. मग त्याने कागद घडी न करता, दोन्ही हातांनी धरून तिच्यापुढे केला.

"आडनाव चुकलंय," तो म्हणाला.

तिने पाहिलं. एक अक्षर. त्या एका अक्षराने तो कोणी भलताच माणूस झाला होता. क्षणभर तिला वाटलं तो हसेल, आणि तो खरंच हसला, पण ते हसू बघवत नव्हतं. "राहू दे," तो म्हणाला. "तुम्ही पुष्कळ केलंत. मी समजलो."

"तुमची मुलगी कशी समजेल?" ती म्हणाली आणि पत्र पर्समध्ये ठेवलं.

कर्मचारी विभागाच्या खिडकीशी ती पोचली तेव्हा अडीच वाजले होते. आतल्या कारकुनाने पत्र उलटसुलट केलं, भुवया उंचावल्या. "हे परत वर जाईल. नवा अर्ज करा आणि टाकून जा. महिनाभराने चौकशी करा."

"एक अक्षर आहे."

"अक्षर एक असो नाहीतर शंभर, प्रक्रिया तीच."

तिने बाजूला होऊन घरी फोन लावला. आईजवळच्या बाईला म्हणाली, आज थांबशील का, मला उशीर होईल, किती ते माहीत नाही. मग भिंतीशी रचलेल्या खुर्च्यांतली एक उचलली, खिडकीच्या बरोबर समोर, लोकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेत मांडली आणि तीवर बसली.

"अहो ताई, हे काय?" कारकून काचेतून वाकून म्हणाला. "तिथं नका बसू. लोक येतील-जातील."

"येऊ देत," ती म्हणाली. "त्यांनी विचारलं तर मी सांगेन. तुम्ही अक्षर बदला."